शुद्धींत असतांना केलेली तजवीज

घरांतील वडील माणूस थकूं लागला, बँकेंत आणि कचेऱ्यांत खेटे घालणें त्यास जड जाऊं लागलें, कीं शहाण्या कुटुंबांत एक कागद तयार होतो. मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेलें, साक्षीदारांच्या सह्यांचें कुलमुखत्यारपत्र मुलाच्या किंवा मुलीच्या नांवें केलें जातें, आणि तें कपाटांत नीट ठेवून सारें घर निश्चिंत होतें. पुढेंमागें वडिलांस कांहीं सुचेनासें झालें, तर हा कागद उपयोगी पडेल, अशी सर्वांची समजूत असते. दुर्दैवानें ही समजूत चुकीची आहे. ज्या दिवशीं वडिलांस आपला व्यवहार समजेनासा होतो, नेमका त्याच दिवशीं तो कागद कायद्याच्या दृष्टीनें निर्जीव होतो. छत्री उत्तम, पण पाऊस सुरू झाला कीं ती मिटली पाहिजे, असा हा प्रकार आहे.

ही विलक्षण विसंगति भारतीय कायद्यांत आली ती इंग्रजी न्यायविचारांतून. खुद्द इंग्लंडनें ती दूर केली. पण त्यासाठीं त्या देशास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. माणसाची बुद्धि मावळल्यावर त्याच्या वतीनें बोलावें कोणीं, या एका प्रश्नाभोंवतीं हा सारा इतिहास फिरतो.

इंग्लंडांत या प्रश्नाचें सर्वांत जुनें उत्तर ‘राजानें’ असें होतें. राजाचे खास अधिकार सांगणारा ‘प्रेरोगातिवा रेजिस’ नांवाचा एक लॅटिन लेख चौदाव्या शतकाच्या आरंभापासून तेथें कायद्यासारखा मानला जात असे. त्यांत दोन प्रकारच्या माणसांत भेद केलेला आहे. जे जन्मतः मंदबुद्धि, त्यांच्या जमिनीचें उत्पन्न राजानें घ्यावें व त्यांच्या अन्नवस्त्राची सोय करावी. परंतु जे पूर्वीं शहाणे होते व मागाहून ज्यांची बुद्धि भ्रमली, त्यांच्या जमिनी राजानें केवळ सांभाळाव्या. त्यांचा व त्यांच्या कुटुंबाचा खर्च भागवून उरेल तें त्यांच्यासाठींच राखून ठेवावें, आणि ते बरे झाले कीं तें सारें त्यांस परत करावें. शहाणा होता तो पुन्हां शहाणा होईल, ही आशा या भेदाच्या मुळाशीं आहे.

१५४० सालीं आठव्या हेन्रीच्या राज्यांत ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ स्थापन झालें आणि अशा माणसांच्या इस्टेटीही त्याच्याकडे आल्या. हें नांव महाराष्ट्रालाही अपरिचित नाहीं. अज्ञान किंवा असमर्थ जमीनदारांच्या इस्टेटी सरकारी देखरेखीखालीं घेण्याचा जो कायदा मुंबई इलाख्यांत १९०५ सालीं झाला, त्याला हेंच नांव होतें. इंग्लंडांतील मूळ संस्था मात्र सरकारी तिजोरी भरण्याचें साधन बनून अप्रिय झाली आणि १६६० सालीं कायद्यानें बंद पडली. त्यानंतर वेड्यांच्या संपत्तीची राखण लॉर्ड चॅन्सेलरकडे आली.

चॅन्सेलरची पद्धत अशी कीं, एखाद्याचे नातलग अर्ज करीत, चौकशीचें फर्मान निघे, ज्यूरी बसे, आणि तो माणूस वेडा आहे कीं नाहीं याचा निकाल चारचौघांदेखत लागे. या पद्धतीचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे पोर्ट्समथच्या अर्लचा १८२३ सालचा खटला. हा उमराव बुद्धीनें दुबळा होता. म्हणून त्याच्या इस्टेटीवर विश्वस्त नेमलेले होते. त्या विश्वस्तांपैकीं एक, जॉन हॅन्सन नांवाचा सॉलिसिटर, यानें १८१४ सालीं आपल्या स्वतःच्या मुलीचें लग्न या अर्लशीं लावून दिलें. हॅन्सन हा कवि लॉर्ड बायरनचाही सॉलिसिटर, आणि त्या लग्नास बायरन स्वतः हजर होता. नऊ वर्षांनंतर ज्यूरीनें निकाल दिला कीं, अर्ल १८०९ पासूनच विकलबुद्धि होता. आणि १८२८ सालीं तें लग्न रद्द ठरलें. ज्याच्या हातीं राखण, त्यानेंच कुंपण ओलांडलें तर काय होतें, याचा हा धडा होता. या इतिहासांत तो पुन्हां पुन्हां आठवावा लागेल.

चौकशीची ही वाट खर्चाची, वेळखाऊ आणि लाजिरवाणी होती. मोठी इस्टेट असल्यावांचून कोणी तिकडे वळत नसे. साधा व्यापारी, डॉक्टर किंवा पेन्शनर काय करी? तो प्रवासास निघतांना किंवा आजारांत आपल्या बायकोस, भावास अगर वकिलास मुखत्यार नेमी. आणि येथेंच कायद्याची खरी अडचण सुरू झाली.

१८७९ सालीं इंग्लंडच्या अपील कोर्टापुढें ड्रू विरुद्ध नन हा दावा आला. ननसाहेबांनीं आपल्या पत्नीस आपल्या वतीनें व्यवहार करण्याची पूर्ण मुभा दिलेली होती, आणि ड्रू नांवाच्या दुकानदारास ती ठाऊक होती. पुढें ननसाहेबांची बुद्धि भ्रमली व त्यांस वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. त्या अवधींत पत्नीनें पूर्वींप्रमाणेंच दुकानांतून माल आणला. दुकानदारास धन्याच्या आजाराची कांहींच कल्पना नव्हती. ननसाहेब बरे होऊन घरीं आले आणि त्यांनीं पैसे देण्याचें नाकारलें. न्यायालयानें दुकानदारास पैसे मिळवून दिले. कारण नवऱ्यानें एकदां बायकोस मुखत्यार म्हणून जगापुढें उभें केलें होतें, व तो अधिकार संपल्याची बातमी दुकानदारापर्यंत पोंचली नव्हती. पण न्यायमूर्ति ब्रेट यांनीं त्याच निकालांत तत्त्व सांगितलें तें असें कीं, धनी स्वतः जें करूं शकत नाहीं, तें त्याचा मुखत्यारही त्याच्यासाठीं करूं शकत नाहीं; सबब धन्याची बुद्धि गेली कीं मुखत्याराचा अधिकारही गेला.

या तत्त्वामागें एक सरळ तर्क आहे. मुखत्यार म्हणजे धन्याच्या इच्छेचा लांबलेला हात. धनी त्यास केव्हांही दूर करूं शकतो, त्याच्याकडे हिशेब मागूं शकतो. म्हणूनच तो हात सुरक्षित. धन्याची बुद्धि गेली कीं हिशेब मागणारा कोणी उरत नाहीं. मग बेलगाम हात चालूं देण्यापेक्षां तो थांबवावा हें बरें, असें कायद्यास वाटलें. तर्कांत दोष नव्हता. पण ज्याच्या रक्षणासाठीं तो केला, त्यालाच तो निराधार करून गेला.

या नियमाची झळ निरपराध माणसांसही लागली. १९१० सालच्या यंग विरुद्ध टॉइनबी या खटल्यांत एका अशिलाच्या वतीनें सॉलिसिटरांनीं कोर्टांत हजर राहून कैफियत दिली. मध्यंतरीं अशिलाचें मन विकल झालें होतें; सॉलिसिटरांस त्याचा पत्ताही नव्हता. तरी अपील कोर्टानें ठरविलें कीं, त्यांचा अधिकार संपलेला होता, म्हणून उलट बाजूचा खर्च त्यांनीं स्वतःच्या खिशांतून द्यावा. न जाणतां संपलेल्या अधिकाराची किंमत अशी मोजावी लागे.

हिंदुस्थानांत तर हा नियम त्याआधींच कायद्याच्या पुस्तकांत बसला होता. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या २०१ व्या कलमांत मुखत्यारी कशानें संपते याची यादी आहे. धन्यानें ती काढून घेणें, मुखत्यारानें ती सोडणें, काम पुरें होणें, धन्याचें दिवाळें निघणें; आणि त्यांतच दोघांपैकीं कोणी मरण पावणें अगर विकलचित्त होणें. मृत्यु आणि बुद्धिभ्रंश हे दोन्ही एकाच ओळींत बसविलेले आहेत. फरक इतकाच कीं, मेलेल्या माणसाचे वारस असतात; बुद्धि गेलेला माणूस मात्र जिवंत असतो, त्यास औषध लागतें, घरभाडें द्यावें लागतें, दाई ठेवावी लागते, आणि त्याच्या नांवावरचा पैसा बँकेंत तसाच पडून राहतो.

एकोणिसाव्या शतकांत हा नियम फारसा बोंचला नाहीं, याचें कारण त्या काळची आयुर्मर्यादा. वेड म्हणजे कांहींतरी अवचित येणारें, उघड दिसणारें संकट, अशी कल्पना होती. विसाव्या शतकानें ती बदलली. १९०६ सालीं जर्मन वैद्य आलोइस आल्त्सहायमर यानें एका रुग्ण स्त्रीच्या स्मृतिनाशाची व तिच्या मेंदूंतील बदलांची हकीकत आपल्या व्यवसायबंधूंपुढें मांडली. पुढें त्या रोगास त्याचेंच नांव मिळालें. माणसें ऐशीं-नव्वद वर्षें जगूं लागलीं, तसा हा रोग घरोघरचा झाला. त्यांत बुद्धि जाण्याचा दिवस असा नसतोच. आज नांव आठवत नाहीं, उद्यां रस्ता चुकतो, परवां पुन्हां सर्व लख्ख आठवतें. संध्याकाळ केव्हां संपली व रात्र केव्हां झाली, हें कोणास सांगतां येत नाहीं. मग मुखत्यारपत्र मेलें कोणत्या तारखेस? प्रामाणिक मुलगा आईच्या धनादेशावर सही करीत राही, आणि आपण बेकायदेशीर वागत आहों हें त्यास ठाऊकही नसे.

यांतून पहिली वाट काढली ती अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानानें. १९५४ सालीं तेथील कायद्यानें मान्य केलें कीं, देणाऱ्यानें तसें स्पष्ट लिहून ठेवलें असेल, तर त्याची बुद्धि गेल्यावरही मुखत्यारपत्र जिवंत राहील. मग एकामागून एक इतर संस्थानें त्याच मार्गानें गेलीं. इंग्लंडांत १९७१ च्या कायद्यानें मुखत्यारपत्राचा नमुना सोपा केला, पण मूळ दुखणें तसेंच ठेवलें. अखेर तेथील कायदा आयोगानें १९८३ सालीं या विषयावर अहवाल दिला आणि १९८५ सालीं कायदा झाला. त्यांतून ‘एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’, म्हणजे तग धरणारें मुखत्यारपत्र, जन्मास आलें. देणारा विकलबुद्धि होऊं लागला, असें मुखत्यारास वाटलें, कीं त्यानें निदान तीन जवळच्या नातलगांस कळवून ‘कोर्ट ऑफ प्रोटेक्शन’मध्यें त्या पत्राची नोंद करावयाची. मागें ज्याला चॅन्सेलरचें खातें म्हणत, त्याचेंच हें १९४७ पासूनचें नांव.

नवा कायदा अमलांत येतांच एक नाजुक प्रश्न उभा राहिला. ज्यास आपला व्यवहार सांभाळतां येत नाहीं, त्यास मुखत्यारपत्र तरी करतां येईल काय? १९८८ सालीं न्यायमूर्ति हॉफमन यांनीं याचें उत्तर होकारार्थी दिलें. कारभार चालविण्याची शक्ति निराळी, आणि कारभार कोणाच्या हातीं द्यावा हें समजण्याची शक्ति निराळी. हिशेबाच्या वह्या ज्यास उलगडत नाहींत, त्यासही आपली कोणती मुलगी आपल्यास अंतर देणार नाहीं, हें पुरतें कळत असूं शकतें. या निकालांत कायद्यानें मान्य केलें कीं, बुद्धि हा एकच दिवा नसून अनेक दिव्यांची माळ आहे. कांहीं विझले तरी कांहीं तेवत राहतात.

पण हें पत्र केवळ पैशापुरतें होतें. देहाचें काय? शस्त्रक्रिया करावी कीं न करावी, म्हाताऱ्या माणसानें राहावें कोठें, हें कोणीं ठरवावयाचें? १९८९ सालीं एका असमर्थ तरुण स्त्रीच्या शस्त्रक्रियेचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें आला, तेव्हां एक धक्कादायक गोष्ट उघडकीस आली. राजाचा तो जुना पालकत्वाचा अधिकार प्रौढ माणसांपुरता १९६० सालींच संपुष्टांत आला होता, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहींच आलें नव्हतें. आई, बाप, नवरा, बायको, न्यायाधीश, यांपैकीं कोणासही सज्ञान पण असमर्थ माणसाच्या वतीनें उपचारास संमति देण्याचा अधिकार नव्हता. निकड व रुग्णाचें हित पाहून डॉक्टरांनींच उपचार करावे, एवढाच आधार उरला होता.

त्यानंतर बरींच वर्षें चौकश्या, अहवाल आणि चर्चा चालल्या. स्कॉटलंडनें २००० सालीं आपला निराळा कायदा केला. इंग्लंड व वेल्ससाठीं २००५ सालीं ‘मेंटल कपॅसिटी अॅक्ट’ संमत झाला आणि १ ऑक्टोबर २००७ पासून ‘लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’, म्हणजे टिकाऊ मुखत्यारपत्र, सुरू झालें. तें दोन प्रकारचें असतें. एक मालमत्तेसाठीं व दुसरें आरोग्य आणि राहणीसाठीं. मालमत्तेचें पत्र, देणाऱ्याची संमति असेल तर, तो शुद्धींत असतांनाही चालतें. देहाविषयींचें पत्र मात्र त्याची स्वतःची निर्णयशक्ति गेल्यावरच जागें होतें. आणि जीव वांचविणारा उपचार नाकारण्याचा अधिकार तर त्यानें स्पष्ट लिहून दिला असेल तरच मुखत्यारास मिळतो.

मागील चुकांचे धडे या पत्रांत जागोजाग दिसतात. सही करणाऱ्यास त्याचा अर्थ समजला आहे व त्याच्यावर कोणाचें दडपण नाहीं, असा दाखला त्रयस्थ माणसानें द्यावा लागतो. सार्वजनिक पालकाच्या कचेरींत नोंद झाल्यावांचून तें वापरतां येत नाहीं. मुखत्यारास देणाऱ्याचें मृत्युपत्र करतां येत नाहीं, आणि त्याच्या लग्नास त्याच्या वतीनें संमतिही देतां येत नाहीं. तसा कायदा १८१४ सालीं असता, तर हॅन्सनची मुलगी काउंटेस झाली नसती. देणग्यांवरही मर्यादा आहे. वाढदिवस, लग्न यांसारख्या रूढ प्रसंगीं, ऐपतीस शोभेल एवढीच भेट द्यावी. नातवाच्या हातावर सणाला चार पैसे ठेवावे, पण सारी तिजोरी रिकामी करूं नये, असें हें घरगुती शहाणपण कायद्याच्या भाषेंत उतरलेलें आहे.

तरी कुंपण ओलांडलें जात नाहीं असें नाहीं. कोर्ट ऑफ प्रोटेक्शनचे माजी मुख्य न्यायाधीश डेन्झिल लश यांनीं निवृत्त झाल्यावर २०१७ सालीं जाहीरपणें सांगितलें कीं, मुखत्यारांवरील देखरेख अपुरी असल्यामुळें आपण स्वतः असें पत्र कधींही करणार नाहीं. न्यायालयानें नेमलेल्या माणसास जामीन द्यावा लागतो, हिशेब दाखवावा लागतो. मुखत्याराचें तसें नसतें. उलट पक्षीं, न्यायालयाची वाट लांब व महाग, आणि तेथें माणूस निवडतो तो न्यायाधीश, आपण नव्हे, असें या पत्राचे पुरस्कर्ते म्हणतात. २०२३ सालीं पार्लमेंटनें आणखी एक कायदा करून पत्र करणाऱ्याची ओळख पटविण्याची व नोंदणीची व्यवस्था कडक करण्याची तरतूद केली. विश्वास व दक्षता यांचा तोल अजून सांपडावयाचा आहे, हाच याचा अर्थ.

आणि भारत? १८७२ चें २०१ वें कलम येथें तसेंच उभें आहे. इंग्लंडनें आपला नियम बदलला, पण त्याची येथें रुजलेली फांदी बदलली नाहीं. देहाच्या बाबतींत कांहीं पावलें पडलीं आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मानसिक आजाराच्या उपचारापुरता आपला प्रतिनिधि आधीं नेमून ठेवण्याची सोय केली. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं अखेरच्या आजारांतील उपचारांविषयीं आगाऊ इच्छापत्र मान्य केलें आणि २०२३ सालीं त्याची रीत सोपी केली. आतां तें नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करतां येतें, व आपल्या वतीनें कोणीं निर्णय घ्यावा हेंही त्यांत लिहितां येतें. पण बँकेंतील पैसा, राहतें घर, रोखे यांच्यासाठीं टिकाऊ मुखत्यारपत्र येथें नाहीं. म्हणून बेशुद्ध पडलेल्या पतीच्या खात्यांतून त्याच्याच औषधाचा खर्च करण्यासाठीं पत्नीस उच्च न्यायालयाचे दार ठोठवावें लागतें, आणि तेथें न्यायाधीश राजाच्या त्याच पुरातन पालकत्वाच्या अधिकाराचा आधार घेऊन तिला पालक नेमतात. सातशें वर्षांपूर्वींचें उत्तर असें अजून उपयोगी पडत आहे.

मुखत्यार हा शब्द मराठींत फारशीच्या वाटेनें अरबींतून आला. मूळ शब्दाचे अर्थ दोन आहेत; ज्यास निवड करण्याची मोकळीक आहे तो, आणि ज्यास निवडलेलें आहे तो. या सर्व इतिहासाचें सार त्या एका शब्दांत सांपडतें. राजा, चॅन्सेलर, ज्यूरी, न्यायाधीश, हे सर्व नेमलेले पालक. निवडलेला असा एकच, ज्याला माणसानें स्वतः, मन जागें असतांना, नांव घेऊन निवडलें. इंग्लंडच्या कायद्यानें पुष्कळ चुकत चुकत एवढेंच मान्य केलें कीं, निवडणाऱ्याची स्मृति गेली तरी त्याची निवड पुसली जाऊं नये. भारतांत तो दिवस येईपर्यंत कपाटांतील कुलमुखत्यारपत्रावर विसंबून राहणाऱ्या घरांनीं इतकें तरी ध्यानांत ठेवावें कीं, तो कागद वडिलांच्या शुद्धीइतकाच जगतो. त्यांच्या मनांत काय आहे, पैसा कोणीं सांभाळावा, उपचार कोठवर करावे, हें ते स्वतः सांगूं शकत आहेत तोंवर विचारून घ्यावें, आणि कायदा जें जें लिहून ठेवूं देतो, तें तें त्यांच्याच सहीनें लिहवून घ्यावें. हा प्रश्न वडिलांस विचारणें अवघड वाटतें खरें. पण वेळ टळल्यावर तोच प्रश्न न्यायाधीशास विचारावा लागतो, आणि त्या न्यायाधीशानें त्या घरचा उंबरठाही कधीं पाहिलेला नसतो.